आईवडिलांचं नवं घर : शोधायचं कुणी, ठरवायचं कुणी

मुंबईच्या उपनगरांत, ठाणे-डोंबिवलीत आणि पुण्यात 1970 ते 1990च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींपैकी बहुतेकींना लिफ्ट नाही. तिथे तिशी-पस्तिशीत राहायला आलेली जोडपी आता पंचाहत्तरी-ऐंशीची झाली आहेत. गुडघे गेलेत, कुणाची बायपास झालीय, मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. माझी एक मावशी डोंबिवलीत अशाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. शेवटी शेवटी ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. आधी पिशवीतून पैसे जायचे, मग भाजीवाला त्यात पाव किलो भेंडी आणि कोथिंबिरीची जुडी टाकायचा, वर सुटे पैसे पुडीत बांधून ठेवायचा. घर तिचं स्वतःचं होतं, उजेडाचं होतं, पण महिनोन्महिने तिचा पाय रस्त्याला लागत नसे.

2011च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले 10.38 कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण 9.9 टक्के होतं. त्यानंतर ते वाढलंच आहे. त्यामुळे ‘आईबाबांसाठी दुसरं घर बघायला हवं’ हे वाक्य आज कितीतरी घरांत बोललं जातं. पुढे काय होतं, तेही बरंचसं ठरलेलं आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो सगळं. शनिवार-रविवारी साइट बघितल्या जातात, व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, आणि एक दिवस आईवडिलांना जवळजवळ ठरलेलं घर दाखवायला नेलं जातं. क्लबहाउस आहे, स्विमिंग पूल आहे, पुढे भाव वाढेल, आमच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे. ही सगळी चाळिशीतल्या माणसाची मोजमापं झाली.

माझं मत स्पष्ट आहे. पायपीट, चौकशी, कागदपत्रं, बँका, वकील हे सगळं मुलांनी आनंदाने अंगावर घ्यावं. घर निवडायचं मात्र आईवडिलांनी, आणि ते असावंही त्यांच्याच नावावर. निवडताना एक कसोटी सगळ्यांत वर ठेवावी : या घरातून आई किंवा बाबा, कुणाला हाक न मारता, एकट्याने बाहेर पडून परत येऊ शकतील का? सत्तरीत आणि शक्यतो ऐंशीतही. पुढच्या प्रत्येक प्रश्नाकडे, अगदी करांच्या प्रश्नाकडेही, मी याच बाजूने बघतो.

मुळात हलायला हवं का, हे आधी बघू. अडचण फक्त जिन्याची असेल आणि बाकी सगळं म्हणजे डॉक्टर, देऊळ, वाचनालय, शेजार हाताशी असेल, तर त्याच सोसायटीत तळमजल्यावरचा किंवा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मिळतो का, हे सर्वांत आधी विचारावं. हा पर्याय फार कमी लोकांना सुचतो. तळमजल्याला ओल असते, डास असतात, पावसात पाणी शिरण्याची धास्ती असते, त्यामुळे त्याचा भाव अनेकदा वरच्या मजल्यांपेक्षा कमी असतो. पण ज्या माणसाने चाळीस वर्षांत त्या आवारातला एकेक माणूस ओळखीचा करून घेतला, त्याच्यासाठी ते आवार न सोडणं ही मोठी गोष्ट आहे. दुसरा उपाय म्हणजे इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडणं. तिथे एक गोष्ट नीट बघावी : अशा जोडलेल्या कितीतरी लिफ्ट मजल्यावर थांबत नाहीत, दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबतात. म्हणजे घराच्या दारापर्यंत आठ-दहा पायऱ्या उरतातच. आज काठी घेऊन त्या चढता येतील, व्हीलचेअर आली की लिफ्ट असून नसल्यासारखी.

मग पुनर्विकास. जुन्या सोसायट्यांत हा शब्द दर वार्षिक सभेला निघतो, आणि त्याच्या आशेवर वृद्ध सभासद वर्षानुवर्षं तिथेच थांबतात : नवी इमारत होईल, लिफ्ट येईल, जागाही वाढेल. होतंही तसं, पण कालावधीचा हिशेब कुणी मोकळेपणाने मांडत नाही. ठराव, विकासकाची निवड, परवानग्या यांत काही वर्षं, मग भाड्याच्या घरात तीन-चार वर्षं, आणि काम रखडलं तर त्याहून जास्त. अठ्ठ्याहत्तरीतल्या माणसाला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागतं, आणि दुसऱ्यांदा हलताना तो ब्याऐंशीचा असतो. शिवाय पुनर्विकासात जुन्या सभासदांना मिळणाऱ्या जागांचा भाग सहसा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, नोंदणीत येत नाही. त्यांचा खरा आधार म्हणजे विकासकाशी झालेला नोंदणीकृत करार, त्यातली भाड्याची तरतूद आणि बँक हमी. सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली शासनाने 4 जुलै 2019 रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचना सभासदाने, किंवा त्याच्या वतीने मुलांनी, एकदा बसून वाचायलाच हव्यात. माझ्या मते पुनर्विकासाचा करार झालेला असेल आणि आईवडिलांची तब्येत बरी असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. करार अजून दूर असेल तर वाट बघत बसू नये. जुनं घर भाड्याने देऊन किंवा विकून आताच सोयीच्या जागी जावं. आईच्या आयुष्यातली जिनाबंद पाच वर्षं कुठल्याही वाढीव चटईक्षेत्राने भरून येत नाहीत.

हलायचं ठरलं की कुठे हा प्रश्न येतो, आणि सर्वांत जास्त चुकीचे निर्णय इथेच होतात असं मी पाहिलं आहे. मुलांना वाटतं आईवडील आपल्या जवळ असावेत. इच्छा चांगली आहे, आजारपणात तिचं मोलही आहे. पण दादरला जन्म गेलेल्या बाईंना मुलगा हिंजवडीला आहे म्हणून हिंजवडीच्या बाविसाव्या मजल्यावर नेलं, की मुलगा सकाळी आठला जातो आणि रात्री नऊला येतो. मधले तेरा तास त्यांच्याकडे लिफ्टचं बटण आणि खाली पोडियमवरची बाग. गेटबाहेर चौपदरी रस्ता, पलीकडे मॉल. भाजी अॅपवरून येते, आणि अॅप सुनेच्या फोनवर. मुलाच्या जवळ असणं आणि माणसांत असणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरी रोजची असते.

म्हणून जागा बघताना आधी परिसर पायी फिरावा, आईच्या चालीने. गेटपासून औषधाचं दुकान, किराणा, बँक, रिक्षा स्टँड, बसायला कट्टा असलेली बाग किती पावलांवर आहे? फूटपाथ आहे का, आणि असला तर त्यावर दुचाकी लावलेल्या असतात का? रस्ता ओलांडावा लागतो का? ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालय जवळ आहे का? मोठं रुग्णालय किती अंतरावर आहे हे किलोमीटरमध्ये विचारू नये, संध्याकाळी सात वाजता किती मिनिटं लागतात ते विचारावं. पुण्या-ठाण्याच्या नव्या विस्तारात आणखी एक प्रश्न असतो, पाण्याचा. सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरतं की टँकर लागतात, आणि उन्हाळ्यात मेंटेनन्स किती वाढतो, हे वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या रहिवाशाला विचारलं की खरं उत्तर मिळतं.

जागेच्या या प्रश्नावर माझ्या माहितीतला सर्वांत शहाणा उपाय म्हणजे आधी त्या भागात भाड्याने राहून बघणं. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा करता येतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार तो नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. जुनं घर लगेच विकू नये, कुलूप लावून ठेवावं. एक पावसाळा आणि एक दिवाळी नव्या जागी गेली की आईवडील स्वतःच सांगतात, इथे घ्यायचं की परत जायचं. अकरा महिन्यांचं भाडं हा फुकट गेलेला पैसा वाटतो, पण न मानवणारं घर विकून पुन्हा दुसरं घेताना मुद्रांक शुल्क आणि दलाली यांतच त्याहून मोठी रक्कम जाते.

कोकणात किंवा देशावर गावी जाऊन राहण्याचं स्वप्न अनेक मुंबईकर बाळगून असतात. जमणाऱ्यांनी जरूर जावं. पण गावचं घर बहुधा सामाईक असतं, त्यावर चुलत्यांची-भावांची नावं असतात, आणि दुरुस्तीला पैसे घालणारा एक व हक्क सगळ्यांचा अशी स्थिती होते. रात्री छातीत दुखलं तर पहिलं सुसज्ज रुग्णालय कुठे, याचं उत्तर असेल तरच तो पर्याय पुढे न्यावा.

ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहतींबद्दल मराठी कुटुंबांत अजून एक अढी आहे. वृद्धाश्रमात टाकलं असं लोक म्हणतील, ही ती अढी. या वसाहतींत स्वतःचा फ्लॅट असतो, स्वतःची किल्ली असते, आणि जेवण, सफाई, नर्स, रुग्णवाहिका या सेवा पैसे देऊन मिळतात. पुण्यात परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ हे त्यातलं जुनं, ओळखीचं उदाहरण. नेरळजवळ डिग्निटीची वसाहत आहे, लवासाला आशियानाचा ‘उत्सव’ प्रकल्प आहे. केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाने 2019 मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि 2024 मध्ये महारेराने ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान भौतिक निकष बंधनकारक केले. त्याआधी जाहिरातीत ‘सीनिअर लिव्हिंग’ लिहायला दोन बाक आणि एक योगा हॉल पुरत असे.

या वसाहतींकडे माझा कल अनुकूल आहे, विशेषतः ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी. पण करारात चार गोष्टी खोदून विचाराव्यात. जागा मालकीची आहे की आजन्म भाडेपट्ट्याची? महिन्याचा सेवाखर्च कुठल्या सूत्राने वाढणार? बांधणारी संस्था आणि सेवा देणारी संस्था वेगळ्या असतील, तर सेवा बंद पडली की जबाबदार कोण? आणि चौथी, जी विचारायला जीभ रेटत नाही : माणूस अंथरुणाला खिळला किंवा स्मृतिभ्रंश झाला तर इथे ठेवून घेणार की न्या म्हणणार? पुढे विकण्याचाही विचार करावा. राहणाऱ्याचं वय ठरावीक मर्यादेपुढचं हवं अशी अट असली, तर घर वारशाने मुलाकडे येतं पण मुलाला तिथे राहता येत नाही, आणि गिऱ्हाईकही ज्येष्ठांमधूनच शोधावं लागतं.

साध्या सोसायटीत घर घ्यायचं असेल तर बांधकाम चालू असलेलं की तयार? पंच्याहत्तरीच्या माणसासाठी मी तयार घराच्या बाजूने ठाम आहे. 1 मे 2017 पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर ग्राहकाला पुष्कळ संरक्षण मिळालं. किंमत चटईक्षेत्रावर सांगावी लागते, नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रचनेतल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर 5 वर्षं त्याच्यावर असते. पण ताबा लांबला तर व्याज मिळेल, वर्षं मिळणार नाहीत. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का). बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर आणि रिसेलच्या घरावर तो लागत नाही. रिसेलमध्ये वस्ती दिसते, शेजारी कोण ते कळतं, लिफ्ट बंद पडते का हे विचारता येतं. कागद मात्र नीट तपासून घ्यावे लागतात : आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स, मालमत्ता पत्रक. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्यावा. एजंटच्या ओळखीचा वकील घेऊ नये, आपला स्वतंत्र घ्यावा.

घराच्या आतली पाहणी टेप घेऊन करावी. मी नात्यातल्या दोन-तीन घरांच्या खरेदीत हे केलं आहे, आणि दर वेळी एजंट आधी गोंधळतो. सुरुवात गेटपासून. खाली पार्किंग असलेल्या इमारतींत लिफ्टच्या लॉबीपर्यंत चार-पाच पायऱ्या असतात, आणि रॅम्प असला तरी तो सायकली चढवण्यापुरता. रॅम्पचा उतार एकास बारा असावा असा दंडक आहे, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांबी लागते. सहा-सात फुटांत दोन फूट चढणारा रॅम्प व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही पेलत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, दिवे गेले की जनरेटरवर लिफ्ट चालते का, हे पुढचं. मजला फार वरचा नको. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही, आणि त्या दिवशी उतरायच्या पायऱ्या मोजल्या की बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्याचं अप्रूप राहत नाही.

मग बाथरूम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टीपुढच्या लोकांपैकी 28 ते 35 टक्के लोक दर वर्षी एकदा तरी पडतात, आणि घरात पडण्याच्या जागा म्हणजे ओली फरशी, उंबरठा, रात्री संडासला जायची वाट. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार सर्वांत अरुंद असतं, दोन-सव्वादोन फूट. व्हीलचेअर आत जात नाहीच, पण हात धरून नेणारा माणूसही शेजारून जाऊ शकत नाही. महारेराने ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी 900 मिलिमीटर रुंदीची, उंबरठा नसलेली, शक्यतो सरकती दारं सांगितली आहेत, ती याचसाठी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडता येत नाही. कमोडची उंची साधारण 17 ते 19 इंच, शेजारच्या भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, आणि भिंत त्या दांड्यांचा भार पेलेल इतकी भक्कम. नुसत्या पोकळ पार्टिशनला लावलेला दांडा ऐन वेळी हातात येतो. अंघोळीची आणि कमोडची जागा वेगळी करणारी काच किंवा नुसता पडदा असावा, मध्ये बांधलेली मोरीची कड नको.

बाकीचं थोडक्यात. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी दिसायला छान, पण मॅट बरी. बिछान्यावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण. ओट्यापाशी बसून भाजी निवडता येईल इतकी जागा. माळ्यांचा हव्यास नको. माळे असले की स्टुलावर चढणं आलं. सकाळचं ऊन घरात कुठेतरी यावं.

हे सगळं आईवडिलांना घेऊन बघावं, आणि बोलावं कमी. आई आत गेल्यावर आधी कुठे जाते ते पाहावं. मी पाहिलेल्या एका घरात आजी सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेल्या, खाली कोण दिसतं ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘इथून शाळा दिसते.’ मुलाच्या वहीत त्या घराला दर्शनी भागासाठी, पार्किंगसाठी आणि भावासाठी गुण कमी होते. तेच घर घेतलं गेलं.

आता पैसा आणि नाव. हे दोन्ही एकत्रच बोलावं लागतं, कारण बहुतेक आईवडिलांचं सगळं धन जुन्या घरातच असतं. ते विकून नवं घ्यायचं तर आधी जुनं घर कुणाच्या नावावर आहे ते बघावं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, आणि सोसायटीत आईचं नामनिर्देशन असेल, तर आई समजते घर माझं झालं. तसं होत नाही. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी आणि सगळी मुलं समान वाटेकरी होतात, लग्न झालेल्या मुलीसुद्धा. (वडिलांची आई हयात असेल तर तीही.) आईला घर विकून स्वतःसाठी नवं घ्यायचं असेल तर मुलांनी आधी तिच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. भावाबहिणींनी हे काम गिऱ्हाईक यायच्या आधी, शांत वेळी उरकावं. कुणी परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं, किंवा अपोस्टिल करून आणावं लागतं. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचं असतं. याला लागणारा वेळ धरूनच व्यवहाराची मुदत ठरवावी.

विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं घर विकताना निवासी व्यक्तीला दोन वाटा आहेत : महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता 12.5 टक्के, किंवा घेऊन 20 टक्के. घर 2001 पूर्वीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत मूल्यांकनकाराकडून काढून घेता येते, आणि 1978 मध्ये साठ हजारांना घेतलेल्या घराच्या बाबतीत तिने फार फरक पडतो. नफा नव्या घरात घातला तर कर वाचतो. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी 1 वर्ष ते नंतर 2 वर्षं या काळात घ्यावं लागतं, बांधत असाल तर 3 वर्षांत. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. ही सवलत ज्याने विकलं त्याने घेतलेल्या घराला आहे. आईचं घर विकून आलेल्या पैशात मुलाने स्वतःच्या नावावर घर घेतलं, तर आईची सवलत वादात सापडते. म्हणजे करसल्लागारही शेवटी तेच सांगतो : घर आईच्या नावावर घ्या.

मुलांनी पैसे घालायचे असतील तर? आईवडिलांना दिलेल्या भेटीवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. बँकेतून रक्कम द्यावी, भेटीचं साधं पत्र करावं, आणि घर त्यांना घेऊ द्यावं. पण पैसे देऊन घर फक्त आईच्या नावावर घ्यायचं आणि खरा मालक मीच असं धरून चालायचं, हे 2016च्या दुरुस्तीनंतरच्या बेनामी व्यवहार कायद्यात अडकू शकतं. आईवडिलांच्या बाबतीत कायद्यातली सूट दोघांची नावं सहमालक म्हणून कागदावर असतील आणि पैसा ज्ञात उत्पन्नातला असेल, तेव्हा आहे. सहमालकी घेतली तर वाटा किती, हेही लिहावं. एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 80 लाखांच्या घरावर ती 80 हजार होते. मुलाचं नाव जोडलं की ती जाते.

सगळी पुंजी घरात ओतू नये, हे आग्रहाने सांगतो. मोठ्या संकुलाचा मेंटेनन्स पेन्शनमधून दर महिन्याला जायचा असतो, आणि मदतनीस बाई, फिजिओथेरपी, औषधं यांचा खर्च पुढे वाढतच जाणार असतो. थोडं लहान घर आणि बँकेत शिल्लक हे मोठ्या घरापेक्षा बरं. घर आहे पण हातात पैसा नाही अशांसाठी 2007-08च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली रिव्हर्स मॉर्गेज योजना आहे. साठीपुढच्या मालकाला घर गहाण ठेवून दरमहा रक्कम मिळते आणि तो मरेपर्यंत त्याच घरात राहतो. आपल्याकडे ती रुजली नाही, कारण घर मुलांना ठेवून जायचं हे मनात पक्कं असतं. मुलांनीच एकदा सांगावं की, आम्हाला नको, तुम्ही वापरा.

आणि मग तो नाजूक क्षण येतो. नवं घर झालं की कुणीतरी सुचवतं, आताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, मूळ मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, नंतर कटकट नको. करू नये. बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी न सांभाळल्यास परत मागता येते. पण ती अट होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा खटल्यात याच मुद्द्यावर दाद नाकारली, आणि जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात कायद्याचा उदार अर्थ लावून आईला घर परत मिळवून दिलं. दोन्ही निकालांपर्यंत पोचायला म्हाताऱ्या माणसांना किती कचेऱ्या आणि कोर्टं चढावी लागली असतील, याचा विचार करावा. त्यापेक्षा मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवावी, आणि मन बदललं तर ते बदलता येतं. घर हयातीत आपलं राहतं.

नोंदणीच्या दिवसाची अनेक कुटुंबं धास्ती घेतात : सह-दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तासन्‌तास बसणं, पहिला मजला, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटणं. नोंदणी कायदा 1908 मध्ये यासाठी सोय आहे. आजारी किंवा अशक्त व्यक्तीसाठी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवू शकतो, याला गृहभेट म्हणतात. त्यासाठी अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि ठरलेली फी लागते. एजंट हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचा दिवस जातो. आपण मागावं.

हलण्याची तारीख पावसाळ्यात धरू नये. सामानाचं काय ठेवायचं, काय द्यायचं हे आईवडिलांनी ठरवावं, आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा. शिसवी कपाट नव्या घरात मावत नसेल तर तसं टेप लावून दाखवावं, परस्पर विकू नये. पहिल्या आठवड्यात पलंग, देव, औषधांचा डबा आणि बाथरूममधले दांडे एवढं जागेवर असलं की पुरे. बँकेतला आणि आधारवरचा पत्ता, गॅस, नव्या भागातल्या डॉक्टरची पहिली भेट ही कामं मुलांनी करावीत. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कुठल्या शाखेत द्यायचा, तेही आधीच विचारून ठेवावं. आणि नव्या इमारतीतल्या वॉचमनशी, खालच्या किराणावाल्याशी आईबाबांची ओळख त्यांच्याच नावाने करून द्यावी. ‘अमुकचे आईवडील’ अशी नको, कारण फ्लॅटच्या दारावरची पाटीही त्यांचीच असणार आहे.